कीड नाही, फिलिंग नाही, तरी दात हलतोय! (डाउन सिंड्रोम आणि दातांची काळजी)

शेंडेफळाची_ताई (धागाकर्ती)

माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. डाउन सिंड्रोम. दात स्वतःचे स्वतः घासतो आणि त्यात कोणी लुडबुड केलेली त्याला खपत नाही. पण अधूनमधून झोपायच्या आधी मी 'शेवटचा हात' फिरवायचा, असा आमच्यात करार आहे. परवा तसा हात फिरवताना खालचा पुढचा दात ब्रशबरोबर पुढे आला आणि परत मागे गेला. मला वाटलं ब्रशच वाकला. बोट लावून पाहिलं, तर दात. शेजारचाही किंचित. ब्रशवर गुलाबी फेस.

मी विचारलं, "दुखतंय का रे?" म्हणे, "नाही." "कधीपासून हलतोय?" तर शांतपणे म्हणाला, "तो हलतोच."

आमच्या घरात याच्या दातांचं भारी कौतुक. २६ वर्षांत एक फिलिंग नाही. माझ्या तोंडात चार आहेत, वर एक रूट कॅनाल. आई येईल-जाईल त्याला सांगते, "याचे दात देवाने लोखंडाचे केलेत." मग डेंटिस्टकडे जायचं कशाला? शेवटचं गेलो त्याला सहा वर्षं झाली. त्या डॉक्टरांनी दारातूनच "असे पेशंट आम्ही घेत नाही" म्हणून वाटेला लावलं, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही ते सोयीचंच वाटलं.

प्रश्न असे: कीड नसताना दात हलतो कसा? काढावाच लागेल का? जन्मतः हृदयाला छिद्र होतं, लहानपणी ऑपरेशन झालंय, तर दातांच्या कामाआधी काही औषध लागतं का? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, तो खुर्चीत तोंड उघडेल का?

रिकामा_खिसा

वाचनखूण साठवली. आमच्याकडे पण डाउन सिंड्रोम, लेक, वय ११.

दाढीवाला_दातवाला

ताई, आधी धीराचं बोलतो. हलणारा प्रत्येक दात पडतोच असं नाही. मुळाभोवती हाड किती उरलंय ते एक्स-रेत दिसेल, त्यावर ठरेल. पण पुढच्या महिन्यावर ढकलू नका. याच आठवड्यात दाखवा.

(मी दंतवैद्य आहे. पण इथे मी पेशंट बघितलेला नाही, त्यामुळे हे सगळं सर्वसाधारण बोलणं समजा.)

'लोखंडाचे दात' ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकलीय की आता कोणी सांगायला लागलं की आधी हिरड्याच बघतो. गंमत म्हणजे ती खोटी नाही. म्हणूनच तर घात होतो. डाउन सिंड्रोममध्ये दात उशिरा येतात, म्हणजे कीड लागायला मिळणारा काळच कमी. दात आकाराने लहान, मधे फटी, त्यामुळे अन्न अडकून बसत नाही. म्हणून बऱ्याच जणांना कीड कमी लागते. सगळ्यांना नाही हं. रोज गोड सिरपवर असलेल्या, तोंड कोरडं पडणाऱ्या मुलांना लागते आणि चांगली लागते.

हिरड्यांचा हिशेब मात्र उलटा. डाउन सिंड्रोम म्हणजे २१ व्या गुणसूत्राची एक जादा प्रत, आणि ती रोगप्रतिकारशक्तीतही ढवळाढवळ करते. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी असतात, जंतू दिसले की तिकडे धावायचं हे त्यांचं काम. इथे त्या धावतात खऱ्या, पण वेळेवर आणि पुरेशा पोहोचत नाहीत. त्यामुळे दाताच्या मुळाशी जो पांढरट थर बसतो, ज्याने तुमच्या-माझ्या हिरडीतून थोडं रक्त येऊन भागतं, तोच थर यांच्या हिरडीखालचं हाड खायला लागतो. आणि हे उतारवयात नाही, किशोरवयातच सुरू झालेलं दिसतं. त्यातून या दातांची मुळं बरेचदा आखूड आणि निमुळती. भुसभुशीत मातीत आखूड खुंटी ठोकली तर ती किती दम धरणार?

खालचेच पुढचे दात का, तर मुळं तिथे मुळातच बारीक. शिवाय तोंड उघडं ठेवून श्वास घेतला की हिरडी कोरडी पडून सुजते, जीभ सारखी दातांना रेटते, आणि खालचा जबडा वरच्याच्या पुढे असेल तर चावताना आडवा जोर बसतो.

दुखत नाही म्हणालात. हिरड्यांचा हा आजार कोणालाच फारसा दुखत नाही. दात हलेपर्यंत गप्प असतो.

उपचार म्हणाल तर हिरडी आणि दात यांच्यामधल्या कप्प्यांची खोली मोजायची, वरचं आणि हिरडीखालचं किटण काढायचं, हलणारे दात शेजारच्यांना बारीक तारेने बांधून आधार द्यायचा, आणि मग दर तीन महिन्यांनी हजेरी. सहा महिन्यांचा नेहमीचा नियम इथे पुरत नाही. क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक चूळ) लिहून दिलं तर ते थोड्या दिवसांपुरतंच असतं. चूळ भरता येत नसेल तर ब्रशने लावलं तरी चालतं. पेस्टनंतर लगेच लावू नका, पेस्टमधल्या फेस आणणाऱ्या घटकामुळे त्याचा जोर कमी होतो. अर्धा तास जाऊ द्या. दातांवर तपकिरी डाग पडतात, घाबरू नका, ते दवाखान्यात पॉलिश करून निघतात.

हृदयाचं वेगळं लिहितो, तो मोठा विषय आहे.

दाढीवाला_दातवाला

द्विरुक्तीमुळे प्रतिसाद काढून टाकला आहे.

उशिरा_उगवलेली

धागा हायजॅक करत नाही, पण विषय निघालाच आहे तर विचारते. मुलगी १६ महिन्यांची. एकही दात नाही. हिरडी नुसती गुळगुळीत. तिच्या वयाची बाकीची मुलं करकरा चावतायत. सासूबाई रोज सकाळी बोट घालून चाचपतात.

मोठ्या_आवाजाची_आई

सासूबाईंना सांग, बोटाने दात लवकर येत नाही. 😄

अगं, १६ महिने काहीच नाही. माझ्या लेकाचा पहिला दात दोन वर्षांच्या जरा अलीकडे आला, आणि तोही पुढचा नाही, थेट दाढ! दुधाचे सगळे दात येईपर्यंत तो पाच वर्षांचा झाला. मग ते पडायचं नाव घेईनात. सहा वर्षांची दाढ म्हणतात ती याला नवव्या वर्षी आली. तोपर्यंत मी तीन डॉक्टर बदलले होते.

एक मात्र कर. दात आले नाहीत म्हणून डेंटिस्टकडे जायचं थांबवू नकोस. पहिला वाढदिवस हीच पहिल्या भेटीची मुदत, दात असोत नसोत. त्या वयात खुर्चीबिर्ची लागत नाही. तू आणि डॉक्टर समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसायचं, मुलीला तुझ्याकडे तोंड करून मांडीवर घ्यायचं आणि मागे झोपवून डोकं डॉक्टरांच्या मांडीवर द्यायचं. तिला तू दिसतेस, त्यांना तोंड दिसतं. अर्ध्या मिनिटाचं काम. आणि आत्तापासून ओल्या मऊ फडक्याने हिरड्या पुसत जा. पुढे ब्रश तोंडात जाताना कमी रडारड होते.

दाढीवाला_दातवाला

मोठ्या आवाजाच्या ताईंना +१. त्यात थोडी भर.

यांच्यात काही कायमचे दात मुळात तयारच झालेले नसतात आणि हे बरंच आढळतं. अक्कलदाढा तर आहेतच, शिवाय वरच्या पुढच्या दोन दातांच्या बाजूचे, आणि सुळ्यामागच्या छोट्या दाढांपैकी दुसरी. म्हणून सहा-सात वर्षांच्या आसपास, मूल स्थिर उभं राहत असेल तर, पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढून मोजदाद करावी. खाली कायमचा दात नाही हे कळलं तर वरचा दुधाचा दात सोन्यासारखा जपायचा. "हलत नाहीये, काढून टाकू" ही घाई तिथेच नडते. दुधाचा दात तिशीपर्यंत काम करत असलेला मी पाहिलाय.

फ्लोराइडच्या पेस्टला लोक बिचकतात, म्हणून तेही सांगतो. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वयात वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पिळतात ते विसरा.

स्पष्टवक्ता७७

सगळं वाचलं. पण मला प्रामाणिकपणे वाटतं, आपण या मुलांना जास्तच छळतो. माझ्या चुलत भावाला खुर्चीत चौघांनी धरून दात काढलेला मी पाहिलाय. त्यांना वेदना कमी जाणवतात म्हणतात ना? मग दुखत नाहीये, तो खुशीत आहे, तर सोडून द्यावं. चार दात गेले तर काय आभाळ कोसळतं?

मोठ्या_आवाजाची_आई

स्पष्टवक्ते, चौघांनी धरणं चुकीचंच, त्यावर तुमच्याशी भांडण नाही. पण "वेदना कमी जाणवतात" याने आमच्यासारख्यांचं फार वाटोळं केलंय. जाणवतात. सांगायला उशीर होतो आणि नेमकं कुठे ते सांगता येत नाही. माझा लेक दाढ दुखत असताना कान धरून बसायचा. कानाच्या डॉक्टरांकडे दोन फेऱ्या झाल्या. दात दुखतोय हे मला कधी कळलं? आवडता टणक खाऊ एकाच बाजूने चघळताना दिसला तेव्हा.

आणि चार दात गेले तर कोसळतं हो. ढिले स्नायू आणि पुढे येणारी जीभ, कवळी बसते कुठे? बसली तर टिकते कुठे? मग मऊ आणि पातळ खाण्यावर माणूस. बोलणं आधीच अस्पष्ट, पुढचे दात गेले की स, त, द, सगळं वाऱ्यावर.

स्पष्टवक्ता७७

कानाचं माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो. चुलत भावाबद्दल मात्र राग अजून आहे.

दाढीवाला_दातवाला

कवळीबद्दल ताई बरोबर आहेत. इम्प्लांट हाही हुकमी तोडगा नाही. यांच्यात ते निकामी होण्याचं प्रमाण जास्त आढळतं. होता होईतो आपलाच दात राखायचा.

हृदयाचा_हिशेब

ताईंच्या हृदयाच्या प्रश्नावर. आमच्या मुलीचंही ऑपरेशन झालंय. आम्हाला पूर्वी सांगितलं होतं की दाताला हात लावायचा तर आधी अँटिबायोटिक द्यायचंच. प्रत्येक वेळी. आम्ही घरी ठेवूनच असतो. तुम्हीही देऊन टाका, नुकसान तर नाही?

दाढीवाला_दातवाला

थांबा, घरचं उघडून देऊ नका. 'नुकसान नाही' असंही नाही. ॲलर्जी आहे, पोट बिघडतं, आणि जंतू त्या औषधाला सरावतात.

डाउन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या बाळांना जन्मतः हृदयाचा काही ना काही दोष असतो, त्यामुळे हा प्रश्न घरोघरी येणारच. तुम्हाला पूर्वी सांगितलं ते तेव्हा बरोबर होतं. हिरडीतून रक्तात गेलेले जंतू हृदयाच्या झडपेवर बसू नयेत म्हणून सरसकट औषध द्यायचे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ मध्ये औषध कोणाला द्यायचं ती यादी फार आखडती घेतली आणि २०२१ मध्ये तीच कायम ठेवली. त्या यादीत कृत्रिम झडप बसवलेले, पूर्वी एकदा हा संसर्ग होऊन गेलेले, अंग निळं पडणारा दोष दुरुस्त न झालेले, ठिगळ किंवा उपकरण बसवून सहा महिने न झालेले, आणि ठिगळाच्या कडेने अजून गळती असलेले पेशंट येतात. हृदय बदलून झडप खराब असलेलेही. लहानपणी छिद्र बंद झालं, गळती नाही, वर्षं उलटली, अशांना बहुधा लागत नाही. लागलं तर एकच डोस, कामाच्या अर्धा ते एक तास आधी.

देशोदेशी यात थोडा फरक आहे, ब्रिटनमध्ये तर आणखी कमी देतात. म्हणून उत्तर माझ्याकडून नको, धाग्यावरून तर नकोच. हृदयाच्या डॉक्टरांकडून एक चिठ्ठी आणा: कुठलं ऑपरेशन झालं, आत काय बसवलंय, गळती आहे का, अँटिबायोटिक हवं की नको, रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का. ती चिठ्ठी पुढची काही वर्षं कामी येते.

आणि २००७ चा तो बदल करताना एक मुद्दा होता, तो लोक विसरतात. दात काढताना एकदा जेवढे जंतू रक्तात जातात, त्यापेक्षा सुजलेल्या हिरड्यांनी रोज खाताना-घासताना जाणारे एकूण जास्त. हृदय सांभाळायचं तर त्या गोळीपेक्षा रोजचा ब्रश जास्त कामाचा.

हृदयाचा_हिशेब

धन्यवाद डॉक्टर. पत्नीला वाचून दाखवलं. गोळ्यांची डबी आज कपाटातून बाहेर निघाली, त्यातल्या अर्ध्यांची मुदत संपलेली होती हे वेगळंच.

भूलतज्ज्ञ_पण_विसराळू

चौघांनी धरण्याचा विषय आलाय म्हणून दोन शब्द. पूर्ण भूल देऊन काम करणं हा पर्याय आहे, आणि कधी कधी तोच माणुसकीचा असतो. पण "सोपं आहे, झोपवून करून टाकू" असं कोणी म्हटलं तर सावध व्हा.

मानेचे वरचे दोन मणके यांच्यात काही जणांचे सैल असतात. मान फार मागे टाकली किंवा जोरात वळवली तर मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. हे भुलेतच नाही, साध्या डेंटल खुर्चीतही लक्षात ठेवा. मानेखाली छोटी उशी द्यावी आणि खुर्ची पूर्ण आडवी करू नये. चालण्यात नव्याने अडखळणं, हातातली पकड सैल होणं, मान दुखणं, लघवीवरचा ताबा जाणं यातलं काही दिसलं तर दात बाजूला ठेवून आधी ते दाखवा.

श्वासाची वाट अरुंद असते, जीभ मागे पडते, श्वासासाठी घालायची नळी वयाच्या मानाने लहान लागते. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास यांच्यात फार आढळतो, पालकांना तो 'जरा घोरतो' एवढाच माहीत असतो. तो भूल देणाऱ्याला सांगाच. गुंगीचं औषध छोट्या दवाखान्यात, देखरेखीच्या साधनांशिवाय, नको म्हणजे नको. भुलेच्या वायूने सुरुवातीला नाडी मंदावतानाही आम्ही पाहतो. हे सगळं माहीत असलेल्या हाताखाली, सोयी असलेल्या जागी करायचं.

आणि एकदा झोपवलंच आहे तर सगळं उरकून घ्या. दातांचे एक्स-रे, सफाई, फिलिंग तर आहेच, पण कानातला मळ, थायरॉइडचं रक्त, जे जागेपणी होत नाही ते सगळं. आमच्याकडे एका आईने नखंही कापून घेतली होती. योग्यच केलं.

शेंडेफळाची_ताई

नखं! 😂 आमच्याकडे सुद्धा तेच महायुद्ध.

हृदयाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. दंतवैद्यही मिळाल्या, फोनवरच म्हणाल्या, "पहिल्या दिवशी मी काहीच करणार नाही, फक्त ओळख." आता ब्रश कसा करू ते सांगा कोणीतरी. तो घासतो म्हणजे समोरच्या चार दातांवर जोरजोरात आडवा ब्रश मारतो, आरशात हसून बघतो, आणि झालं.

मोठ्या_आवाजाची_आई

सगळ्यांचा तसाच असतो गं. माझा तर ब्रश चावायचा, दर आठवड्याला नवा.

मी काय केलं ते लिहिते, तुझ्याकडे जमेल ते घे. समोर उभं राहणं सोडलं. समोरून ब्रश येताना दिसला की त्याचं तोंड मिटायचं. मी त्याच्या मागे उभी राहते, त्याचं डोकं माझ्या छातीला टेकलेलं, दोघंही आरशात बघतो. डाव्या हाताने ओठ बाजूला करायचा, उजव्या हातात ब्रश. अशाने मानही मागे पडत नाही. ब्रशचे केस दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे तिरके टेकवायचे आणि जागच्या जागी थरथरवायचे. रक्त आलं म्हणून ती जागा सोडायची नाही, तीच जागा जास्त घासायची. हे शिकायला मला दोन वर्षं लागली, कारण रक्त दिसलं की हात आपोआप मागे येतो.

पेस्ट अगदी थोडी. जास्त फेस झाला की त्याला उमळायचं. शेवटी थुंकायचं, चूळ भरायची नाही, फ्लोराइड तेवढंच राहतं.

स्वतःचं स्वतः करण्याचा त्याचा हट्ट मोडू नकोस. मी उलटीकडून शिकवलं. आधी सगळं मी घासायची आणि शेवटची एकच जागा, उजवीकडची खालची दाढ, त्याची. ती जमली की शेवटच्या दोन जागा. असं मागून पुढे येत गेलो. शेवट त्याच्या हातात असल्याने "मी केलं" हे तो म्हणू शकतो. आरशाच्या कडेला त्याचेच सहा फोटो चिकटवलेत, प्रत्येकात ब्रश वेगळ्या जागी. एक जागा झाली की तो फोटोवर टिचकी मारतो.

बारीक दांडा त्याच्या हातात फिरायचा, बोटं आखूड. सायकलच्या हँडलचं जुनं रबर चढवलं, पकड बसली. तीन बाजूंनी केस असलेला ब्रश मिळतो, एका फेरीत आत-बाहेर-वर तिन्ही घासतो, हात कमी वळणाऱ्यांना बरा. बॅटरीचा ब्रश आम्ही आधी नुसता गालावर लावायचो, मग ओठावर, आठवडाभराने तोंडात. एकदम तोंडात घातला असता तर आजही तो हातात घेतला नसता.

दवाखान्यात चार भेटी नुसत्या बसण्यात गेल्या. पहिल्यांदा फक्त खुर्ची वर-खाली. दुसऱ्यांदा आरसा त्याच्या हातात. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी माझे दात मोजले आणि तो बघत बसला. चौथ्यांदा त्याने आपणहून तोंड उघडलं. नेहमी सकाळची पहिली वेळ मागून घ्यायची, वाट बघावी लागली की गेला दिवस.

आणि श्रवणयंत्र! हे कोणी सांगत नाही. सफाईचं मशीन सुरू झालं आणि पोरगा किंचाळून खुर्चीतून उठला. सगळे म्हणाले घाबरला. घाबरला नव्हता, कानात यंत्र चालू होतं आणि ती कर्कश शीळ थेट कानात भरली होती. आता आधी सगळं समोरून, सावकाश बोलून दाखवायचं, मग यंत्र काढून माझ्या मुठीत, मग मशीन.

रिकामा_खिसा

हा प्रतिसाद प्रिंट काढून बाथरूममध्ये लावला.

एक विचारतो. ११ वर्षांची लेक रात्री इतके दात खाते की शेजारच्या खोलीत ऐकू येतं. आणि खालचा जबडा पुढे आहे, तर तारा लावता येतील का पुढे?

दाढीवाला_दातवाला

दात खाणं यांच्यात सर्रास. झोपेत श्वास अडकतो का ते तपासून घ्या, कधी संबंध असतो. दात झिजून संवेदनशील होत नसतील तर नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं. रात्रीचं कव्हर चालतं, पण ते तोंडात ठेवून घेणारं मूल हवं.

तारांना डाउन सिंड्रोम आहे म्हणून सरसकट नकार देण्याचं कारण नाही. वरचा जबडा लहान असतो, तो वाढत्या वयात रुंद करता येतो. माझी अट एकच: आधी सहा महिने हिरड्यांतून रक्त न येऊ देता दाखवा. घाणेरड्या हिरड्यांवर तारा लावणं म्हणजे हाड विरघळायला मदत. आणि जीभ तशीच रेटत राहिली तर दात परत फिरतात, म्हणून नंतरचं रिटेनर (दात जागेवर धरून ठेवणारं साधन) बहुतेक कायमचं धरून चाला.

संध्याकाळची_उन्हं

मी फार लिहीत नाही इथे, पण हा अनुभव कोणाच्या उपयोगी पडेल.

माझी मावशी ४८ वर्षांची, डाउन सिंड्रोम. आजी गेल्यापासून माझ्याकडे असते. गेल्या वर्षी हळूहळू खाणं कमी झालं, मग ब्रश बघितला की हात झटकायची, मग रात्री उठून बसायची. या वयात यांना अल्झायमर लवकर गाठतो हे आम्हाला माहीत होतं, त्यामुळे सगळ्यांनी मान हलवली, सुरू झालं म्हणाले. मीही मानलं. तीन महिने आम्ही तिला 'सांभाळत' होतो.

मग एकदा चेहरा पुसताना उजव्या गालावर माझा हात जरा दाबला गेला आणि ती, जी कधीच ओरडत नाही, ओरडली. मागच्या दाढेच्या मुळाशी पू झाला होता. दाढ काढली. चौथ्या दिवशी तिने ताट पुढे ओढून घेतलं.

विस्मरण तिला आहेच, ते नंतर तपासणीत निघालं. पण ते तीन महिने त्याचे नव्हते. आता ती स्वतः ब्रश करत नाही, मी करते. ब्रश तोंडाजवळ नेण्याआधी दुसरा ब्रश तिच्या हातात देते, तो धरून बसते, मग माझ्या हाताला विरोध करत नाही.

स्पष्टवक्ता७७

चुलत भाऊ ४३ चा आहे. उद्या जाऊन गाल दाबून बघतो.

दाढीवाला_दातवाला

नुसते दाबू नका, दाखवा. 🙂 आणि हिरड्यांतून कारण नसताना भळाभळा रक्त, अंगावर काळेनिळे डाग, दमणूक, सारखा ताप असं काही कोणत्याही वयात दिसलं तर डेंटिस्टच्या आधी रक्ताची तपासणी. रक्ताच्या कर्करोगाचा धोका या मुलांना लहानपणी इतरांपेक्षा जास्त असतो आणि पहिली खूण कधी कधी हिरडीवरच दिसते. घाबरवत नाहीये, माहीत असू द्या.

उशिरा_उगवलेली

लेकीला नेऊन आणलं. मांडीवर झोपवून बघितलं, खरंच अर्धं मिनिट. खालच्या हिरडीत एक कड पांढरी दिसतेय म्हणाले. सासूबाईंचं म्हणणं, त्यांनी आधीच सांगितलं होतं.

शेंडेफळाची_ताई

अपडेट. साडेतीन आठवडे झाले.

हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आली, अँटिबायोटिकची गरज नाही. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी खरंच काही केलं नाही, दात मोजले. त्याने पण मोजले. त्यांचे २४ झाले, त्याचे ३०. त्यावर दोघांचा वाद. एक्स-रेत त्यांचा आकडा खरा निघाला. वरचे बाजूचे दोन दात कधी तयारच झाले नव्हते. पुढच्या फटींना आम्ही इतकी वर्षं 'गोड हसू' म्हणत होतो ते हे. खालच्या चार दातांचं हाड जवळपास निम्मं गेलंय. दोन भेटींत खोल सफाई झाली, चौघांना मागून तारेने बांधलंय. टिकतील का यावर डॉक्टर म्हणाल्या, "तीन महिन्यांनी विचारा."

आईला एक्स-रे दाखवला. बराच वेळ धरून बसली. मग म्हणाली, "म्हणजे दात चांगले होते, जमीनच गेली."

काल डॉक्टरांनी दिलेल्या त्या रंगाच्या गोळ्या आणल्या, चावल्या की जिथे घाण राहिलीय तिथे गुलाबी होतं. तो एकटा खायला तयार नाही, म्हणून दोघांनी खाल्ल्या. आरशासमोर उभे राहिलो. त्याचे खालचे दात मागून गुलाबी होतेच. मग त्याने माझी हनुवटी धरली, डॉक्टर धरतात तशी, आणि म्हणाला, "ताई, आ कर." चारही फिलिंगच्या कडेने मी गुलाबी. तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. नंतर माझा ब्रश त्याने घेतला आणि माझ्या मागे जाऊन उभा राहिला.

आता प्रश्न: तारेच्या खाली दातांमधून फिरवायचा दोरा (फ्लॉस) जात नाही. तिथे साफ कसं करू?

दाढीवाला_दातवाला

दातांमधल्या फटींसाठीचा बारीक ब्रश येतो, बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसतो. तारेच्या खालून, हिरडीच्या बाजूने आत घाला. आकार फटीपेक्षा किंचितच मोठा हवा, जोर लावावा लागला तर एक नंबर लहान घ्या. रोज रात्री, तुमच्या 'शेवटच्या हाता'त. तार सुटलेली जाणवली तर तीन महिन्यांची वाट बघू नका.

मोठ्या_आवाजाची_आई

आणि आधी तुझ्या दातांत घालून दाखव त्याला.